अवकाशमोहिमांतून इंग्रजी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

इंग्रजी सुधारण्यासाठी दहा विषयांवरचा मजकूर वरवर चाळण्याऐवजी आवडीचा एकच विषय निवडावा आणि काही महिने त्याच विषयावरचे इंग्रजी नेटाने वाचावे, असे या सदरातून मागील अंकात सुचवले होते आणि उदाहरण म्हणून अवकाशमोहिमांचे नाव घेतले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. वाचनाच्या सोयीसाठी इंग्रजी वाक्येही देवनागरीतच दिली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. आपली सूचना आकर्षक वाटली, पण ‘क्रायोजेनिक’, ‘पेलोड’, ‘ट्रॅजेक्टरी’ असले शब्द मुलांनी पाठ केले तर त्यांचा परीक्षेत किंवा पुढे व्यवहारात कितपत उपयोग होणार? — एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि असे शब्द पाठ करून घेणे एवढाच हेतू असेल तर हा उपक्रम न केलेलाच बरा. पारिभाषिक शब्द तसे सोपे असतात. त्यांना एकच अर्थ असतो आणि तो मराठी वर्तमानपत्रांतूनही कळतो. विद्यार्थी अडखळतो तो साध्या क्रियापदांपाशी, आणि अवकाशमोहिमांच्या वृत्तांतात नेमकी हीच क्रियापदे पुन:पुन्हा येतात : यान निघते, कक्षेत शिरते, वेग कमी करते, पोहोचते, उतरते, संपर्क गमावते, प्रयोग पार पाडते. मराठीत आपण ‘चंद्रावर पोहोचले’, ‘कक्षेत शिरले’ असे म्हणतो, म्हणून मुले इंग्रजीतही ‘रीच्ड ऑन द मून’ आणि ‘एंटर्ड इन ऑर्बिट’ असे लिहितात. इंग्रजीत ‘रीच’ आणि ‘एंटर’ या दोन्ही क्रियापदांना येथे शब्दयोगी अव्यय लागत नाही. ‘रीच्ड द मून’, ‘एंटर्ड ऑर्बिट’ एवढेच पुरे. मात्र ‘गो’ वापरले की ‘इंटू ऑर्बिट’ म्हणावे लागते. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, या एकाच घटनेवर दोन्ही क्रियापदांची वाक्ये मुलांकडून करून घेतली, तर फरक नियम न सांगताही ध्यानात येतो.

पारिभाषिक शब्दांतही काही शब्द असे आहेत की त्यांच्यावर वेळ खर्च करणे सार्थकी लागते. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून खाली येऊ लागला, तेव्हा त्याच्या अवतरणाचे टप्पे इस्रोने आधीच जाहीर केलेले होते. पहिल्या टप्प्यात वेग झपाट्याने कमी करण्यात आला आणि उंची ७.४ किलोमीटरपर्यंत आली. त्यानंतरच्या अगदी थोड्या वेळाच्या टप्प्याचे नाव होते ‘ॲटिट्यूड होल्ड’. आपल्या मुलांना ‘ॲटिट्यूड’ म्हणजे तोरा किंवा वृत्ती एवढेच ठाऊक असते, आणि अनेकांना हा ‘अल्टिट्यूड’ या शब्दाचा मुद्रणदोष वाटतो. प्रत्यक्षात ‘अल्टिट्यूड’ म्हणजे उंची आणि यानाच्या बाबतीत ‘ॲटिट्यूड’ म्हणजे ते कोणत्या दिशेला किती कललेले आहे ती स्थिती. माणसाचा कल आणि यानाचा कल या दोहोंना एकच शब्द आहे, हे एकदा कळले की तो शब्द पुन्हा विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी रोव्हर उतरल्याची बातमी इस्रोने दिली ती अशी : ‘द सीएच-थ्री रोव्हर रॅम्प्ड डाउन फ्रॉम द लँडर अँड इंडिया टुक अ वॉक ऑन द मून’. येथे ‘रॅम्प’ (उतार) या नामाचे थेट क्रियापद केले आहे. इंग्रजीत नामाचे क्रियापद सहज होते, हे दाखवायला वाक्य उत्तम आहे. मात्र ‘रॅम्प डाउन’ याचा रूढ अर्थ ‘हळूहळू कमी करणे’ असा असल्यामुळे परीक्षेत ‘रोल्ड डाउन द रॅम्प’ असेच लिहावे, असे मुलांना जरूर सांगावे. आम्हाला स्वतःला ते मूळ वाक्य आवडते.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांची तयारी करत आहे. साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतला फरक पुस्तकात वाचताना समजतो, पण लिहिताना हमखास गोंधळ होतो. अवकाशाच्या विषयातून हा फरक पक्का करता येईल काय? — एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : आमच्या मते या विषयाचा सर्वांत मोठा लाभ येथेच आहे, म्हणून या प्रश्नाला थोडी अधिक जागा देत आहोत. काळांचा गोंधळ होतो, कारण पुस्तकातील वाक्यांना आगापिछा नसतो. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे कोणी, केव्हा, कोणाला आणि कशासाठी सांगितले, हे ठाऊक नसल्यामुळे अमुकच काळ का वापरला, या प्रश्नाला उत्तर राहत नाही. अवकाशमोहिमांतील वाक्यांचे तसे नाही. ती कोणत्या क्षणी, कोण, कोणाशी बोलले, याची नोंद असते.

अपोलो ११ चे ‘ईगल’ नावाचे चांद्रयान २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर टेकले. भारतात तेव्हा २१ जुलैची मध्यरात्र उलटून गेली होती. नील आर्मस्ट्राँग यांनी पृथ्वीवर कळवले, ‘द ईगल हॅज लँडेड’. त्यांनी ‘द ईगल लँडेड’ असे म्हटले नाही, कारण ऐकणाऱ्यांना इतिहास ऐकायचा नव्हता. यान आत्ता, या क्षणी सुखरूप टेकलेले आहे की नाही, हे जाणून घ्यायचे होते. घडून गेलेली क्रिया आणि तिचा आत्ता लागू असलेला परिणाम, हे दोन्ही एकाच क्रियापदात सांगायचे असले की पूर्ण वर्तमानकाळ येतो. मराठीतही आपण अशा वेळी ‘ईगल उतरले आहे’ असेच म्हणू, म्हणजे येथे मराठी आपल्याला साथ देते.

दुसरे वाक्य अपोलो १३ चे. १३ एप्रिल १९७० रोजी, चंद्राच्या वाटेवर असताना, यानातील प्राणवायूची एक टाकी फुटली. अंतराळवीर जॅक स्विगर्ट यांनी ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षाला कळवले, ‘ओके, ह्यूस्टन, वुई’व्ह हॅड अ प्रॉब्लेम हिअर’, आणि काही क्षणांतच त्यांचे सहकारी जिम लॉव्हेल यांनी जवळजवळ तेच शब्द पुन्हा उच्चारले. जगभर प्रसिद्ध झालेले ‘ह्यूस्टन, वुई हॅव अ प्रॉब्लेम’ हे रूप प्रत्यक्ष संभाषणातले नाही. १९९५ सालच्या ‘अपोलो १३’ या चित्रपटामुळे ते लोकांच्या तोंडी बसले. ‘वुई हॅव अ प्रॉब्लेम’ म्हणजे आमच्यापुढे एक अडचण आहे. ती केव्हापासून आहे याचा त्यात पत्ता नाही. ‘वुई’व्ह हॅड अ प्रॉब्लेम’ म्हणजे आत्ताच काहीतरी घडले आहे. स्फोटाचा हादरा बसून काही क्षणच झालेले, यंत्रांवरचे आकडे बदललेले आणि कारण अजून कळलेले नाही, अशा स्थितीत दुसरे रूपच अधिक नेमके ठरते. ‘हॅव हॅड’ ही जोडी पाहून विद्यार्थी बिचकतात. परंतु त्यातला पहिला शब्द केवळ साहाय्यक क्रियापद आहे आणि दुसरा मुख्य, एवढे लक्षात ठेवले तर बिचकण्याचे कारण उरत नाही.

आता मराठी जेथे आपल्याला चकवते ते ठिकाण पाहू. मराठीत ‘हे यान २३ ऑगस्टला उतरलेले आहे’ असे वाक्य चालते. त्यावरून इंग्रजीत ‘चांद्रयान-थ्री हॅज लँडेड ऑन द मून ऑन ट्वेंटी-थर्ड ऑगस्ट’ असे लिहिले जाते, आणि ते चूक आहे. संपून गेलेल्या काळाची तारीख, वार, वर्ष किंवा ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ असा शब्द आला की इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ वापरता येत नाही. तेथे ‘लँडेड’ हेच हवे. इस्रोने २३ ऑगस्टच्या संध्याकाळी जाहीर केले होते, ‘चांद्रयान-थ्री हॅज सक्सेसफुली सॉफ्ट-लँडेड ऑन द मून’. त्यात तारीख नव्हती आणि बातमी ताजी होती, म्हणून ते बरोबर. त्याच घोषणेत यानाच्या तोंडी घातलेले वाक्य होते, ‘इंडिया, आय रीच्ड माय डेस्टिनेशन अँड यू टू’. ब्रिटिश वळणाचा परीक्षक येथे ‘आय हॅव रीच्ड’ मागेल, तर अमेरिकी इंग्रजीत नुकत्याच घडलेल्या गोष्टीसाठी साधा भूतकाळही सर्रास चालतो. आपण परीक्षेसाठी लिहीत असल्यामुळे ब्रिटिश पद्धत पाळणे सुरक्षित.

आणखी एक चूक इतकी सर्वत्र दिसते की ती कार्यालयीन पत्रांतूनही सुटलेली नाही. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि अजून दूर जातच आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘ते १९७७ पासून प्रवास करत आहे’. त्याचे शब्दशः ‘इट इज ट्रॅव्हलिंग सिन्स १९७७’ असे होते. इंग्रजीत मात्र पूर्वी सुरू होऊन आत्तापर्यंत चालत आलेली क्रिया सांगताना ‘हॅज बीन ट्रॅव्हलिंग’ म्हणावे लागते. आरंभबिंदू सांगायचा तर ‘सिन्स १९७७’ आणि कालावधी सांगायचा तर ‘फॉर’, म्हणजे ‘फॉर मोअर दॅन फॉर्टी इयर्स’. ‘मी तीन वर्षांपासून नोकरी करत आहे’ हे वाक्य मुलाखतीत प्रत्येकाला बोलावे लागते. त्याचा साचा हाच आहे.

सरावासाठी असे करावे. एका मोहिमेच्या पाच-सहा तारखा घ्याव्यात. चांद्रयान-३ पुरे आहे : १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोट्याहून उड्डाण, ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत प्रवेश, २३ ऑगस्टला अवतरण, सप्टेंबरच्या आरंभी रोव्हर आणि लँडर यांना निद्रावस्थेत ठेवणे. मग तोच वृत्तांत दोनदा लिहावा. एकदा आज इतिहास सांगतो आहोत असे धरून आणि एकदा त्या त्या दिवशी नियंत्रणकक्षातून कळवतो आहोत असे धरून. पहिल्या मजकुरात जवळजवळ सर्व क्रियापदे साध्या भूतकाळात येतील, दुसऱ्यात बरीचशी पूर्ण वर्तमानकाळात. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की पुस्तकातील नियम आपोआप जागेवर बसतो.

प्रश्न : आर्मस्ट्राँग यांच्या प्रसिद्ध वाक्यात व्याकरणाची चूक आहे, असे वाचले. ती कोणती? आणि मुळात ‘अ’ आणि ‘द’ यांवाचून एवढे काय अडते? — एक निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर : चंद्रावर पाऊल ठेवताना त्यांनी उच्चारलेले वाक्य जगाला ऐकू आले ते असे : ‘दॅट्स वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड’. उपपदावाचून आलेल्या ‘मॅन’चा इंग्रजीत अर्थ होतो मानवजात. त्यामुळे वाक्याचा अर्थ असा निघतो की, मानवजातीसाठी हे लहान पाऊल आहे आणि मानवजातीसाठीच ही मोठी झेप आहे. ‘फॉर अ मॅन’ असे असते तर ‘एका माणसाचे लहान पाऊल’ असा अर्थ होऊन विरोध नीट साधला असता. आपल्याला ‘अ मॅन’ हेच म्हणायचे होते, असे आर्मस्ट्राँग यांनी नंतर सांगितले. तो ‘अ’ उच्चारलाच गेला नाही, की उच्चारला जाऊनही ऐकू आला नाही, याविषयी ध्वनिमुद्रणाचे विश्लेषण करणाऱ्यांत एकमत नाही. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच वाक्यात आहे : एका अक्षराच्या उपपदावाचून एक माणूस आणि सगळी मानवजात यांतला फरक पुसला गेला.

मराठीत उपपदे नसल्यामुळे आपण ‘अ’ म्हणजे ‘एक’ असे समजतो, पण मराठीतला ‘एक’ आपण गरजेपुरता वापरतो आणि इंग्रजीतला ‘अ’ टाळता येत नाही. ग्रहगोलांच्या नावांवर हा सराव चांगला होतो. पृथ्वीच्या चंद्राला ‘द मून’ आणि सूर्याला ‘द सन’ म्हणतात, कारण बोलणाऱ्याच्या मनात तो एकच असतो. गुरूला अनेक चंद्र आहेत, म्हणून ‘युरोपा इज अ मून ऑफ ज्युपिटर’. ‘मार्स’, ‘ज्युपिटर’, ‘व्हीनस’ ही विशेषनामे असल्यामुळे त्यांना उपपद नाही. पृथ्वीचे दोन्ही प्रकारे चालते, ‘द अर्थ’ आणि ‘अर्थ’. पण ‘प्लॅनेट’ हा शब्द आधी जोडला की ‘द’ जातो. व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत ५५ भाषांतील अभिवादने आहेत. त्यांत मराठीही आहे आणि इंग्रजी अभिवादन आहे ‘हॅलो फ्रॉम द चिल्ड्रन ऑफ प्लॅनेट अर्थ’. या छोट्या वाक्यात ‘चिल्ड्रन’पूर्वी ‘द’ आहे आणि ‘प्लॅनेट अर्थ’पूर्वी नाही.

असे असले तरी उपपदाच्या धास्तीने बोलणेच थांबवू नये. चांद्रयान-३ उतरल्यावर इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी पंतप्रधानांना सांगितले, ‘वुई हॅव अचीव्ह्ड सॉफ्ट लँडिंग ऑन द मून. इंडिया इज ऑन द मून.’ काटेकोर परीक्षक ‘सॉफ्ट लँडिंग’पूर्वी ‘अ’ मागेल. पण सांगायचे ते पूर्ण सांगितले गेले. लिहिताना उपपदे तपासावीत, बोलताना वाक्य पुरे करावे.

प्रश्न : इंग्रजी लेखांतील ‘मिलियन’, ‘बिलियन’ वाचताना अंतराचा अंदाजच येत नाही. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दहा लाख म्हणजे एक मिलियन आणि शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, एवढी दोन समीकरणे पुरतात. आदित्य-एल१ हे सूर्याचा अभ्यास करणारे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर आहे, म्हणजे दीड मिलियन. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर, म्हणजे दीडशे मिलियन. या दोन अंतरांची बातम्यांतून बरेचदा गल्लत होते, तेव्हा वाचताना सावध असावे. आकड्यानंतर ‘मिलियन’चे अनेकवचन करू नये : ‘फिफ्टीन मिलियन किलोमीटर्स’, ‘मिलियन्स’ नव्हे.

प्रश्न : शास्त्रीय अहवालांत सगळीकडे कर्मणी प्रयोग का असतो? आणि ‘मस्ट हॅव बीन’ यासारख्या रूपांचा अर्थ कसा लावायचा? — विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : काम कोणी केले यापेक्षा काय झाले हे महत्त्वाचे असते, म्हणून. मराठी बातम्यांतील ‘यान सोडण्यात आले’, ‘उपकरण सुरू करण्यात आले’ ही रचना त्याच जातीची आहे, त्यामुळे ‘वॉज लाँच्ड’, ‘वॉज स्विच्ड ऑन’ समजायला अडचण पडू नये. आपल्या दुसऱ्या शंकेसाठी मंगळयानाच्या अखेरीचे निवेदन पाहावे. यानाशी संपर्क तुटल्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये इस्रोने कळवले की ‘द प्रोपेलंट मस्ट हॅव बीन एक्झॉस्टेड’. इंधन संपल्याचे कोणी जाऊन पाहिलेले नव्हते. उपलब्ध पुराव्यावरून काढलेला तो पक्का निष्कर्ष होता. मराठीत आपण ‘इंधन संपले असणार’ असे म्हणू. ‘वॉज एक्झॉस्टेड’ म्हटले असते तर ते प्रत्यक्ष माहितीचे विधान झाले असते, आणि ‘मे हॅव बीन एक्झॉस्टेड’ म्हणजे ‘संपले असेलही’ अशी नुसती शक्यता. खात्रीच्या या पायऱ्या ओळखता आल्या की अहवाल वाचणे पुष्कळ सोपे होते. याच निवेदनात पुढे इंधनाअभावी यानाचा अपेक्षित ‘ॲटिट्यूड’ साधता आला नाही, असेही म्हटले होते. त्या शब्दाचा खुलासा पहिल्या उत्तरात आला आहे.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. नेमके काय वाचायला घ्यावे? — एक गृहिणी, फोंडा, गोवा

उत्तर : आधी मराठी, मग इंग्रजी, हा क्रम ठेवावा. एखाद्या मोहिमेची बातमी मराठी वर्तमानपत्रात पूर्ण वाचावी आणि त्याच दिवशी तिचे इंग्रजी वृत्त घ्यावे. अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे शब्दकोशाची गरज कमी पडते आणि वाक्य कसे रचले आहे याकडे लक्ष देता येते. प्रारंभी ‘नासा’चे मुलांसाठी असलेले ‘स्पेस प्लेस’ हे संकेतस्थळ घ्यावे; तेथील वाक्ये आखूड आणि शुद्ध असतात. त्यानंतर ‘ॲस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे’. १९९५ पासून तेथे रोज एक छायाचित्र आणि त्याखाली खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेला एक परिच्छेद असतो. रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचणे हा झेपणारा नेम आहे. ज्यांना बोलण्यातले इंग्रजी हवे त्यांनी अपोलो मोहिमांची शब्दशः संभाषणे वाचावीत. ती टिपांसह उपलब्ध आहेत आणि धोक्याच्या प्रसंगीही ती माणसे किती छोट्या, स्वच्छ वाक्यांत बोलत, हे त्यांत दिसते. मोठ्याने वाचताना ‘लाँच’ आणि ‘लंच’ यांचे उच्चार मात्र वेगळे ठेवावेत, नाहीतर उपग्रहाचे जेवण होते.

प्रश्न : ‘अ’ आणि ‘ॲन’ स्वरावरून ठरतात, मग इंग्रजी वृत्तात ‘ॲन एसएलव्ही’ कसे? ‘एस’ तर व्यंजन आहे. — दहावीतील एक विद्यार्थी, अकोला

उत्तर : अक्षर कोणते यावर नव्हे, तर उच्चार कशाने सुरू होतो यावर ते ठरते. ‘एसएलव्ही’ (उपग्रह सोडणारे रॉकेट) याचा उच्चार ‘ए’ या स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ॲन एसएलव्ही’. तसेच ‘ॲन एलव्हीएम-थ्री रॉकेट’. ‘पीएसएलव्ही’ आणि ‘जीएसएलव्ही’ यांचे उच्चार व्यंजनांनी सुरू होतात, म्हणून तेथे ‘अ’. ‘इस्रो’ हा शब्द म्हणून उच्चारला जातो, त्यामुळे ‘ॲन इस्रो सॅटेलाइट’, पण ‘अ नासा सायंटिस्ट’. याउलट ‘युरोपियन’चे पहिले अक्षर लिहिताना स्वर असले तरी उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ युरोपियन स्पेसक्राफ्ट’. ‘द’चाही येथे एक उपयुक्त नियम आहे. शब्दासारखी उच्चारली जाणारी लघुरूपे, म्हणजे ‘इस्रो’ आणि ‘नासा’, नाम म्हणून एकटी आली तर ‘द’ घेत नाहीत. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाचे ‘आयएसएस’ हे लघुरूप एकेक अक्षर सुटे करून वाचले जाते, म्हणून ते ‘द आयएसएस’. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला तेथे पोहोचले, त्याचे इंग्रजी वाक्य आपण स्वतः करून पाहावे. त्यात ‘रीच्ड’ वापरल्यास पुढे ‘टू’ येणार नाही.